लेन्सची डबी, नळाचं पाणी आणि माझा उजवा डोळा

सुमेधा७९

मंडळी, हा धागा काढायला उशीर झाला, कारण पहिले कित्येक दिवस मला स्क्रीनकडे बघवतच नव्हतं. आता डोळा शांत आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. इथे लेन्स वापरणारे बरेच जण आहेत, त्यांनी वेळ काढून वाचावं.

माझा नंबर उणे साडेपाच. नोकरी लागल्यापासून महिनाभर चालणाऱ्या सॉफ्ट लेन्स वापरते. सकाळी ठाण्याला लोकल पकडायच्या आधी घालायच्या, रात्री काढून डबीत सोल्युशनमध्ये, म्हणजे लेन्स साफ ठेवणाऱ्या जंतुनाशक द्रवात, ठेवायच्या. इतक्या वर्षांत कधी काही झालं नाही, त्यामुळे धाक म्हणून उरला नव्हता. डबीतलं जुनं सोल्युशन ओतून न देता त्यातच थोडं नवं घालायचे, तेवढीच बाटली जास्त दिवस पुरते म्हणून. आठवड्यातून एकदा डबी बेसिनच्या नळाखाली धुवायचे आणि ओली असतानाच झाकण लावून टाकायचे. ही स्वच्छताच आहे असं मला मनापासून वाटत होतं.

जुलैतल्या एका शुक्रवारी माहेरी सत्यनारायण होता. परत यायला रात्रीचा एक वाजला आणि लेन्स घालूनच झोप लागली. सकाळी उजव्या डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपत होतं. लेन्स काढून फेकून दिली, तरी खुपणं थांबेना. खालच्या मेडिकलमध्ये गेले. "डोळे आलेत, हे थेंब घाला," म्हणून त्यांनी एक बाटली दिली. अँटिबायोटिकबरोबर त्यात स्टिरॉइडही होतं, हे मला नंतर कळलं. रविवारी दुपारपर्यंत लाली खरंच उतरली. मी निवांत झाले. रात्री दोनला जी कळ निघाली ती कपाळापर्यंत जात होती. पाणी प्यायला उठले तर फ्रिजचा दिवासुद्धा सहन होईना. आरशात पाहिलं, तर बुबुळावर, घड्याळात सात असतात त्या जागी, मोहरीएवढा पांढरट ठिपका.

सोमवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. हनुवटी टेकवायच्या यंत्रासमोर (स्लिट लॅम्प म्हणतात त्याला) बसवलं, डोळ्याला पिवळी पट्टी लावली आणि निळा उजेड टाकला. फोटोत ठिपक्याची जागा हिरवी पेटलेली दिसत होती. "अल्सर आहे, बुबुळावर जखम," ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न: "लेन्स कुठंय? डबी कुठंय?" लेन्स तर कचऱ्यात गेली होती. नवरा घरी जाऊन डबी घेऊन आला. डॉक्टरांनी झाकण खिडकीच्या उजेडात धरलं. आट्यांमध्ये बुळबुळीत पांढरट थर होता, भाताच्या पातेल्याच्या कडेला पेज वाळून राहते ना, तसा. रोज दोनदा मी ते झाकण फिरवत होते आणि कधी आत बघितलं नव्हतं.

डोळा बधिर करून ठिपक्याच्या जागेवरून खरवडून नमुना घेतला. डबीतलाही घेतला. दोन्हींत एकच जंतू वाढला, स्यूडोमोनास.

मग थेंब. दोन प्रकारचे, रुग्णालयातच तीव्र करून बनवलेले, फ्रिजमध्ये ठेवायचे, आलटून पालटून दर अर्ध्या तासाला. दिवसाही आणि रात्रीही. घातले की डोळ्यात चटका बसायचा. दोन रात्री नवरा आणि सासूबाईंनी पाळ्या लावल्या. सासूबाईंचा हात थरथरतो, म्हणून त्या मनगट माझ्या कपाळावर टेकवायच्या आणि मग बाटली दाबायच्या. त्या दोन रात्रींमुळे माझा डोळा वाचला, असं डॉक्टरच म्हणाले.

ठिपका बुबुळाच्या मध्यावर नव्हता हे माझं नशीब. आता तिथे पुसट डाग राहिलाय.

एवढंच सांगायचंय की आत्ता उठा, आपली डबी उजेडात धरा आणि झाकणाचे आटे बघा.

वारणेकाठची

सुमेधाताई, वाचतानाच डोळ्यात पाणी आलं. सासूबाईंना नमस्कार सांगा. एक विचारते, साधे डोळे आलेत की हे काही वेगळं आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आमच्याकडे दोन्ही मुलं लेन्स लावतात.

दृष्टी_नाशिक

बुबुळाच्या आजारांवरच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

डोळे येतात तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना होतं. चिपडं येतात, चुरचुरतं, पण चिपडं पुसली की दिसतं नीट. बुबुळाला सूज आली, म्हणजे केरॅटायटिस झाला, तर बहुधा एकच डोळा धरतो. खरं दुखतं, उजेड सहन होत नाही, पाणी वाहतं, धुरकट दिसतं. पण वारणेकाठच्या ताई, तुमच्या मुलांसाठी नियम याहून सोपा ठेवा. लेन्स लावणाऱ्याचा डोळा लाल झाला आणि लेन्स काढूनही दुखणं राहिलं, तर ते डोळे येणं नाहीच असं समजून त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. उद्यावर ढकलायचं नाही, कारण स्यूडोमोनास फार वेगाने बुबुळ खातो. एका दिवसाच्या उशिरानेही पुढचं चित्र बदललेलं मी पाहिलंय.

बुबुळाचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो काचेसारखा राहतो. त्याला प्राणवायू मिळतो तो बाहेरच्या हवेतून, अश्रूंमार्फत. लेन्स म्हणजे त्या हवेच्या वाटेत ठेवलेलं झाकण. जागेपणी पापण्या मिटून उघडतात तेव्हा अश्रू हलते राहतात, जंतू धुऊन जातात. झोपेत पापणी बंद, वर लेन्स, अश्रू साचलेले. पडद्याचा वरचा थर कमकुवत होतो आणि लेन्सला चिकटलेले जंतू रात्रभर त्याच जागी बसून राहतात. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसा सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्या १०,००० जणांमागे वर्षाला सुमारे ४ जणांना असा अल्सर झाला होता. रात्रीही लेन्स ठेवण्याच्या प्रकारात हा आकडा २० च्या आसपास होता, म्हणजे पाचपट. नंतर जास्त प्राणवायू जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या, तेव्हा आम्हाला वाटलं हा प्रश्न सुटला. तो सुटला नाही. झोपेतल्या लेन्सचा धोका तसाच राहिला.

आता डबीतला तो थर. जंतू पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती चिकट आवरण करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. मोकळ्या पाण्यात तरंगणारा जंतू सोल्युशनने मरतो, आवरणातला तग धरतो. जुन्यात नवं सोल्युशन घातलं की औषधाचा जोर आधीच्या घाणीवर खर्ची पडतो आणि लेन्स रात्रभर पातळ झालेल्या औषधात बसते. सुमेधाताईंच्या डबीत रोज रात्री हेच होत होतं.

एक गोष्ट मात्र घाबरलेल्यांसाठी. लेन्समुळे आलेली प्रत्येक सूज म्हणजे अल्सर नव्हे. लेन्स घालून झोपलेला माणूस पहाटे लालभडक डोळा घेऊन उठतो, बुबुळाच्या कडेला बारीक पांढुरके ठिपके दिसतात, पण पडद्याला जखम नसते. लेन्सवरच्या जंतूंच्या विषाला शरीराने दिलेला तो प्रतिसाद असतो, जंतू आत शिरलेला नसतो. लेन्स बंद केली की बहुतेक वेळा बरं होतं. पण हे की ते, हा निवाडा स्लिट लॅम्पवरच होतो. आरशात बघून करू नका, आणि मोबाइलवर फोटो पाठवून मलाही विचारू नका.

स्टिरॉइडबद्दल लिहिताना हात जड होतो. सूज उतरते, लाली जाते, माणसाला बरं वाटतं, आणि खाली जंतूला रान मोकळं मिळतं. बुरशी असेल तर आणखी वाईट. आणि लेन्सच्या डोळ्यावर पट्टी बांधू नका, उबेत जंतू फोफावतो.

पूर्वा_सिंगापूर

हे वाचून मला २००६ आठवलं. तेव्हा आम्ही इथे नुकतेच आलो होतो आणि वर्तमानपत्रात रोज लेन्सच्या बातम्या यायच्या. फ्यूजेरियम नावाच्या बुरशीने बुबुळाला अल्सर होत होते. ही एरवी मातीत, झाडापाल्यात असणारी बुरशी. शेतकऱ्याच्या डोळ्यात ती सापडली तर डॉक्टरांना नवल वाटत नाही. इथे ती वातानुकूलित कचेऱ्यांत बसणाऱ्या तरुण लोकांच्या डोळ्यांत सापडत होती. मार्च २००५ ते मे २००६ या काळात सिंगापुरात असे ६६ रुग्ण नोंदले गेले आणि जवळजवळ सगळे सॉफ्ट लेन्स वापरणारे.

संशयाची सुई एका सोल्युशनवर जाऊन थांबली, बॉश अँड लॉम्बचं रेन्यू विथ मॉइश्चरलॉक. कंपनीने फेब्रुवारी २००६ मध्ये सिंगापूर आणि हाँगकाँगमधली विक्री थांबवली, एप्रिलमध्ये अमेरिकेतली, आणि मे महिन्यात जगभरातून माल परत बोलावला. अमेरिकेत तोवर ३३ राज्यांत मिळून १६४ रुग्णांची खात्री झाली होती. त्यातल्या ५५ जणांवर बुबुळ बदलण्याची पाळी आली. तिघांत एक!

मला सगळ्यांत विचार करायला लावलं ते पुढच्या तपासाने. सगळ्यांना वाटत होतं की कारखान्यातच बुरशी शिरली असणार. पण न उघडलेल्या बाटल्या निर्जंतुक निघाल्या. रुग्णांकडच्या बुरशीची जनुकं तपासली तर एक नाही, किमान १० वेगवेगळ्या प्रजाती. म्हणजे बुरशी प्रत्येकाच्या घरची होती, त्याच्या बेसिनवरची, हातावरची. लेन्स आणि डबी ओली राखणारे घटक त्या द्रवात होते, तो सुकत गेला की पातळ पापुद्रा राहायचा आणि त्यात बुरशी तग धरायची, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. प्रयोगशाळेच्या चाचणीत पास झालेलं सोल्युशन माणसांच्या बाथरूममध्ये कमी पडलं.

त्यामुळे सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारू नये असं मला तेव्हापासून वाटतं. "चोळायची गरज नाही" असं खोक्यावर लिहून सोल्युशनं विकली गेली, लोकांनी विश्वास ठेवला. सुमेधा, तू स्वतःला फार बोल लावून घेतेयस असं वाटलं, म्हणून लिहिलं.

सुमेधा७९

पूर्वा, हे वाचून खरंच हलकं वाटलं गं. पण जुन्यात नवं घालू नका हे माझ्या बाटलीच्या घडीच्या कागदावर छापलेलं होतं. मी तो कागद उलगडलाच नव्हता.

उसाचा_पाला

आमच्याकडे लेन्स कोणी लावत नाही, तरी लिहितो. वडिलांना ऊसतोडणीच्या हंगामात पात घासली डोळ्याला. गावात चार दिवस कुणी दूध घातलं, कुणी मध, मग मेडिकलचे थेंब. सांगलीला नेलं तोवर बुबुळावर फूल पडलं होतं. बुरशी निघाली. नॅटामायसिनचे थेंब महिना-दीड महिना चालले. डोळा राहिला पण त्या डोळ्याने आता फक्त हात हललेला कळतो. पूर्वाताईंनी बुरशीचं नाव लिहिलं तेच नाव आमच्या रिपोर्टवर होतं, म्हणून दचकलो. शहरातली लेन्स आणि आमचा उसाचा फड, आजार एकच.

दृष्टी_नाशिक डॉक्टर, वडिलांना याहून भारी औषध मिळालं असतं का, हे मनात राहून गेलंय.

दृष्टी_नाशिक

नाही दादा, औषध योग्यच मिळालं. महागडं व्होरिकोनाझोल चांगलं की जुनं नॅटामायसिन, याची मोठी चाचणी आपल्याच देशात, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकाराने झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. नॅटामायसिनच सरस ठरलं, आणि फ्यूजेरियमवर तर ठळकपणे. तुमच्याकडून औषधात काहीही कमी पडलेलं नाही. त्या डोळ्याची मागची बाजू शाबूत असेल तर बुबुळ बदलून थोडी नजर परत येऊ शकते. एकदा कॉर्नियाच्या डॉक्टरांना दाखवून नेत्रपेढीत नाव घालता येईल का ते विचारा. वडिलांचं वय जास्त आहे म्हणून सोडून देऊ नका.

उसाचा_पाला

विचारतो. असं होऊ शकतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

गरबा_गर्ल_वाशी

मला नंबर नाही. नवरात्रीत आम्ही तिघी मैत्रिणी मिळून करड्या रंगाच्या लेन्सची एक जोडी घेतो, ज्या दिवशी जिचा नंबर तिने लावायची. सोल्युशनमध्ये धुऊनच लावतो. काही होत नाही ना?

चष्माघर

ताई, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळे तपासून चष्मे-लेन्स देते, म्हणून स्पष्ट सांगते. ती जोडी आज टाकून दे. एकमेकींचा टूथब्रश वापराल का? नंबर नसला तरी लेन्स बुबुळावरच बसते, आणि प्रत्येक बुबुळाची गोलाई वेगळी असते. एकीला बसलेली दुसरीला घासते, घासली की वरचा थर खरचटतो, आणि खरचटलेल्या जागी आधीच्या दोघींच्या डोळ्यांतले जंतू. लावायचीच असेल तर डोळे तपासून, आपापल्या मापाची, एका दिवसात टाकायची घ्या. डबीच लागत नाही. होळीला मात्र तीही नको, रंग लेन्सखाली जाऊन अडकतो.

बाकी मंडळींसाठी पाण्याबद्दल. इथे सगळं जंतू आणि बुरशीबद्दल आलं, अकँथअमीबा राहिला. हा एकपेशीय जीव मातीत, तळ्यात, नळाच्या पाण्यात, सगळीकडे असतो. पिण्यात गेला तर काही करत नाही. लेन्सखाली अडकला तर बुबुळात शिरतो. परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती दुहेरी भिंतीचा कोश करतो आणि पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनने त्या कोशाला काही होत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत लोक मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच लेन्सचं पाणी करायचे, तेव्हा याचे रुग्ण वाढले आणि तो प्रकार बंद करावा लागला. २००७ मध्ये आणखी एक सोल्युशन याच कारणाने जगभरातून परत बोलावलं गेलं. आपल्या सोसायट्यांच्या गच्चीवरच्या टाक्या, त्यांच्या तळाचा गाळ आठवा आणि मग ठरवा नळाखाली डबी धरायची का. आंघोळ, पोहणं, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसणं, सगळं लेन्स काढून.

याची खूण म्हणजे डोळा दिसतो त्या मानाने दुखतो कितीतरी जास्त. सुरुवातीला हर्पीस विषाणूचा आजार समजून उपचार झाल्याच्या केसेस खूप आहेत. औषधं महिनोन् महिने चालतात.

गरबा_गर्ल_वाशी

टाकली. दोघींनाही हा धागा पाठवलाय.

वारणेकाठची

चष्माघर ताई, मग डबी धुवायची तरी कशाने? मुलांना नीट सांगता येईल असं लिहा ना.

चष्माघर

सोल्युशननेच. सकाळी लेन्स घातली की डबीतलं सगळं ओतून द्यायचं, ताज्या सोल्युशनने खळबळायची, स्वच्छ बोटाने आतून चोळायची, कोऱ्या टिश्यूने पुसायची आणि झाकणं उघडी ठेवून पालथी सुकवायची. बेसिनच्या कडेवर नको, तिथे शिंतोडे उडतात. रात्री हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, लेन्स तळहातावर ठेवून दोन्ही बाजूंनी चोळायची, चोळायची गरज नाही असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी. दर तीन महिन्यांनी डबी बदलायची. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायची आणि कंपनीने सांगितलेली मुदत संपली की उरलेलं फेकायचं. जीवावर येतं, कळतं मला. पेरॉक्साइडची सोल्युशनं मिळतात ती जंतूंवर चांगली चालतात, पण ती त्यांच्याच खास डबीत सांगितलेले तास ठेवावी लागतात. तसंच डोळ्यात गेलं तर भयंकर भाजतं, म्हणून विसरभोळ्या मुलांना देऊ नका.

आणि प्रत्येक लेन्सवाल्याकडे त्याच्या नंबरचा चष्मा हवाच. डोळा लाल असतानाही लोक लेन्स घालतात, कारण त्यांच्याकडे चष्मा नसतो किंवा पाच वर्षांपूर्वीच्या नंबरचा असतो.

सुमेधा७९

माझं अगदी हेच होतं. माझा चष्मा जुन्या नंबरचा होता. सत्यनारायणाला निघताना हातात घेऊन परत ठेवला होता.

काल तपासणी होती. त्या डोळ्याने चष्मा लावून शेवटून दुसरी ओळ वाचता आली, रात्री दिव्यांभोवती किरणं फुटतात ती कदाचित राहतील. डॉक्टर म्हणाले, सहा महिने लेन्सचं नावही नको, पुढे बघू. नवा चष्मा केलाय. सासूबाईंनी त्या बेसिनवरच्या कपाटातला लेन्सचा कप्पा धुऊन तिथे स्वतःच्या बांगड्या ठेवल्यात.

डबी अजून आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलीय. ऑफिसमधल्या तिघीजणी लेन्स लावतात. सोमवारी त्यांना दाखवायला नेणार आहे.